किशोरवयीन मुलींसाठी कंट्री संगीताचं मासिक: मांडणी, मुखपृष्ठ, छपाई

रेघोटी

अमेरिकेतल्या १३ ते १७ वयाच्या मुलींसाठी कंट्री संगीताचं त्रैमासिक, त्याच्या पहिल्या अंकाचा कच्चा आराखडा इथे मांडते आहे. पानयोजना पक्की करण्याआधी जाणकारांनी त्यावर हात फिरवावा.

आकार ८.३७५ × १०.८७५ इंच, म्हणजे तिकडच्या मासिकांचा नेहमीचा. आत ३२ पानं, वर चार पानांचं वेगळं कव्हर, मध्ये पिना. बारा स्तंभांची जाळी, मजकूर दोन किंवा तीन स्तंभांत, अक्षर ९.५ पॉइंट आणि ओळीतलं अंतर १३ पॉइंट. मुख्य मुलाखत सहा पानं, गिटार शिकायची चार, गाणं लिहायची दोन, नव्या अल्बमांचं परीक्षण तीन, इतिहास दोन, कपडे दोन, पत्रं एक, मधोमध पोस्टर. उरलेली जाहिराती, अनुक्रमणिका आणि छोट्या बातम्यांना.

मासिकाची भूमिका एकच आहे: ही वाचक नुसती चाहती नाही. तिच्या खोलीत गिटार आहे किंवा लवकरच येणार आहे. त्यामुळे प्रत्येक पानावर तिला ऐकायला, वाजवायला किंवा लिहायला काहीतरी मिळालं पाहिजे.

तीन गोष्टींवर मत हवंय. मुखपृष्ठ पाहताक्षणी कंट्री वाटावं, पण काउबॉय टोप, घोड्याची नाल आणि दोरखंडाची अक्षरं न वापरता ते कसं साधायचं? मधल्या जोडपानावर (समोरासमोरच्या दोन पानांवर) पोस्टर ठेवावं की गिटारच्या कॉर्डचं, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या पकडींचं पान? आणि गाण्यांचे शब्द छापता येतात का?

अक्षरखिळा

मुखपृष्ठाबद्दल. कंट्रीचा जो छापील चेहरा आहे तो मुळात लाकडी खिळ्यांच्या पोस्टरांतून आलाय. कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलचं हॅच शो प्रिंट हे छापखान्याचं दुकान १८७९ पासून अशी पोस्टरं छापतंय. त्यांची नक्कल करणारे लोक फक्त झिजलेल्या अक्षरांचा पोत उचलतात, आणि तिथेच सगळं जुनाट दिसायला लागतं. उचलायची असेल तर रचना उचला: प्रत्येक ओळ पूर्ण रुंदी भरेल अशी लहानमोठी, दोनच शाया, आणि एक शब्द बाकी सगळ्यांपेक्षा तिप्पट मोठा. अक्षरं स्वच्छ कापलेली ठेवा. जाड पायाचा स्लॅब सेरिफ फक्त नामपट्टी (मासिकाचं नाव) आणि मोठ्या शीर्षकांना, बाकी सगळीकडे एक साधा, वाचनीय टाइप. दोन टाइपकुटुंबांच्या पुढे जाऊ नका.

नामपट्टी वरच्या एक तृतीयांशात आणि शक्यतो डावीकडून सुरू होणारी हवी. दुकानातल्या रॅकवर खालचा भाग पुढच्या अंकामागे जातो, आणि एकावर एक सरकवून ठेवलेल्या रॅकवर डावी पट्टीच दिसते. कव्हरलाइनी, म्हणजे मुखपृष्ठावरचे मथळे, पाचच्या वर नकोत, १४ पॉइंटपेक्षा लहान नकोत, आणि त्यातली एक ठसठशीत मोठी. त्या ओळींत वाचकाला आत काय करायला मिळेल ते सांगा: तीन कॉर्डमध्ये पहिलं गाणं, कमी पैशात चांगली गिटार कशी ओळखायची. वजन, डाएट, कुणाचं कुणाशी जमलंय हे एकाही ओळीत नको. कारण साधं आहे, त्या ओळी बाकी सगळ्यांकडे आधीच आहेत आणि मुलींचं त्यांनी कधी भलं केलेलं नाही.

रंग: गुलाबीशी वैर नाही, पण सगळं गुलाबी केलं की तेरा वर्षांच्या मुलीलाही ते लहान मुलींचं वाटतं. तिला सोळा वर्षांच्या मुली वाचतात ते हवं असतं, म्हणून मांडणी सोळा डोळ्यांसमोर ठेवून करा. फिरोजा, गंजाचा तांबूस, साय रंग आणि डेनिमचा निळा एवढी पेटी अंकभर पुरते.

डेनिमच्या निळ्याचं एक सांभाळा. सीएमवायकेमध्ये (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा या छपाईच्या चार शायांत) सायन आणि मॅजेंटा जवळजवळ आले की तो निळा छापताना जांभळट होतो. दोन्हींत किमान ३० टक्क्यांचं अंतर ठेवा. सी ८०, एम ५०, वाय २०, के १० च्या आसपास सुरुवात करून प्रूफवर पाहा.

छायाप्रकाश

फोटोंच्या बाबतीत या विषयाच्या काही खास अडचणी आहेत, त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

टोप. कडेची सावली नेमकी डोळ्यांवर पडते आणि मुखपृष्ठ मरतं. टोप मागे सरकवून कपाळ मोकळं करायचं आणि छातीच्या उंचीवर पांढरा रिफ्लेक्टर धरून खालून उजेड द्यायचा. शिवाय टोपाचा शेंडा नामपट्टीवर चढतो. नावाजलेल्या मासिकाची दोन अक्षरं झाकली तरी चालतं, नव्या मासिकाचं नावच लोकांना वाचता येत नाही. म्हणून फोटो काढतानाच डोक्यावर पानाच्या उंचीच्या किमान एक चतुर्थांश जागा मोकळी सोडा.

चौकड्यांचे शर्ट. बारीक गिंगम किंवा फ्लॅनेलच्या चौकड्या आणि छपाईचे ठिपके एकमेकांवर आले की मोआरे उठतो, कापडावर पाण्यासारख्या लाटा दिसतात. मुखपृष्ठासाठी मोठ्या चौकड्या किंवा सपाट रंग निवडा. गिटारच्या तारांनाही हा धोका आहे, फोटो फार लहान केला की जास्तच.

झालरीची जॅकेटं. झालर कापून वेगळी काढायला गेलात की कडा कात्रीने कुरतडल्यासारख्या दिसतात. असा फोटो फिकट, सपाट पार्श्वभूमीवर घ्या आणि पानाचा रंगही तोच ठेवा, म्हणजे कापायची वेळच येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: वादकाचा फोटो कधीही आडवा उलटा करू नका. नजर पानाच्या आतल्या बाजूला यावी म्हणून मांडणी करणारे सर्रास फोटो पलटतात. गिटार उलटी झाली की उजव्या हाताने वाजवणारी मुलगी डावखुरी होते, शर्टाची बटणं बाजू बदलतात. वाजवणाऱ्या वाचकाला हे अर्ध्या सेकंदात कळतं आणि तिचा अंकावरचा विश्वास उडतो. फोटोची दिशा जमत नसेल तर तो समोरच्या पानावर न्या.

मैफिलीत फोटोग्राफरला बहुतेक वेळा पहिली तीन गाणीच मिळतात आणि फ्लॅश चालत नाही. १/२५० सेकंद, एफ २.८, आयएसओ ३२०० पासून सुरू करा. समोरून घेतलं तर मायक्रोफोन तोंड झाकतो, ४५ अंश बाजूला उभं राहा आणि गिटारची मान ज्या बाजूला आहे त्याच्या उलट बाजू धरा, नाहीतर मानेचं टोक तुमच्याकडे येतं आणि हात लपतो. रंगमंचावरचा निळा-जांभळा एलईडी उजेड सीएमवायकेत येतच नाही, चेहरा मळकट होतो. असे फोटो कृष्णधवल करा.

शाईवाला

पोस्टरबद्दल निर्णय घेण्याआधी कागदाची घडी समजून घ्या. आत ३२ पानं असतील तर मधलं जोडपान १६-१७. ते फाडून काढलं की मागची १५ आणि १८ ही पानंही जातात. त्यामुळे १५ वर अर्धा लेख आणि १८ वर त्याचा शेवट असं असेल तर पोस्टर काढणाऱ्या मुलीचा लेख गेला. पिना बरोबर मधोमध येतात, म्हणून पोस्टरचा चेहरा घडीवर ठेवता येत नाही. आणि गिटारची मान आडवी घडीवरून गेली की घडीत शाई तडकून पांढरी रेघ उमटते.

मला विचाराल तर तिथे पोस्टर नकोच. पिना मारलेल्या अंकात फक्त मधलं जोडपान पूर्ण सपाट उघडं राहतं. दोन्ही हात गिटारवर असताना जे पान वाचायचं, त्याची जागा ती.

दुसरं असं की गाणं लिहायची पानं तुम्ही चकचकीत कागदावर छापणार असाल तर जेल पेनची शाई पुसली जाईल आणि पेन्सिल उमटणार नाही. उपाय महाग नाही. मधली आठ पानं, १३ ते २०, कोटिंग नसलेल्या ७० पाउंड टेक्स्ट कागदावर घ्या आणि बाकी २४ पानं ७० पाउंड ग्लॉस टेक्स्टवर. कव्हर ८० पाउंड ग्लॉस कव्हर. पिनांच्या बांधणीत मधला तुकडा वेगळ्या कागदाचा असला तरी काही अडत नाही. फक्त १२-१३ आणि २०-२१ या जोडपानांवर एकच फोटो पसरवू नका, अर्धा चकचकीत आणि अर्धा मंद असा दिसेल. आणि बिनकोटिंगच्या कागदावर शाई पसरते, फोटो काळवंडतात. तिथे एकूण शाई (चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज) २४० टक्क्यांच्या आत, ग्लॉसवर ३०० च्या आत.

ब्लीड, म्हणजे कापाच्या बाहेर जाणारी जादा छपाई, चारही बाजूंना ०.१२५ इंच. मजकूर आणि पानक्रमांक कापाच्या कडेपासून ०.३७५ इंच आत, कारण घडी घातल्यावर मधली पानं बाहेर सरकतात आणि कापताना त्यांचीच कड जास्त जाते. मजकुराचा काळा शुद्ध के १०० ठेवा. चार शायांचा काळा बारीक अक्षरांना वापरलात तर थोडं जरी रजिस्टर (शायांची एकमेकांवरची जुळणी) हललं तरी अक्षरांना रंगीत सावली येते.

तारसप्तक

शाईवाला यांच्याशी पूर्ण सहमत, मधलं जोडपान कॉर्डचंच. त्यावर नेमकं काय आणि कसं, ते सांगते.

चार आकार पुरे: जी ३२००३३, सी अ‍ॅड ९ ×३२०३३, ई मायनर ७ ०२२०३३, डी ××०२३२. आकडे फ्रेटचे, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांच्या घरांचे, जाड तारेकडून बारीककडे; ० म्हणजे मोकळी तार, × म्हणजे ती तार वाजवायची नाही. हे चारच का, तर पहिल्या तिन्हींत अनामिका आणि करंगळी सगळ्यात बारीक दोन तारांवर तिसऱ्या फ्रेटला जागच्या जागी राहतात, आणि डीमध्येही अनामिका हलत नाही. नव्या मुलीला कॉर्ड धरण्यापेक्षा कॉर्ड बदलताना जास्त त्रास होतो, आणि इथे बदलताना हात हवेत जातच नाही. या न हलणाऱ्या बोटांचे ठिपके चारही आकृत्यांत तांबूस रंगात छापा, बाकीचे काळे. एवढ्या एका गोष्टीने पान शिकवायला लागतं. सीच्या सुरात सुरुवात करू नका, तिथे एफ येतो आणि बारच्या (एकाच बोटाने अनेक तारा दाबायच्या) पकडीशी झगडून पहिल्याच आठवड्यात गिटार कोपऱ्यात जाते.

आकृतीची रुंदी किमान सव्वा इंच आणि बोटांचे आकडे ११ पॉइंटच्या वर, कारण पान डोळ्यांपासून अडीच-तीन फूट लांब असतं. वरची नटची (मानेच्या टोकाकडच्या पट्टीची) रेघ जाड, तारांच्या रेघा बारीक, डावीकडे जाड ई. हे उलटं छापलं गेलं तर पान रद्दच.

ताल: १ आणि ३ वर खर्जाची तार, २ आणि ४ वर खाली झटका. जी आणि ई मायनर ७ ला सहावी तार, सी अ‍ॅड ९ ला पाचवी, डीला चौथी. मिनिटाला ६० मात्रांपासून सुरू करायला सांगा.

शेजारी नॅशव्हिल नंबर पद्धत द्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीस नील मॅथ्यूज ज्युनियर यांनी ती स्टुडिओत वापरायला सुरुवात केली आणि चार्ली मॅकॉय यांनी ती पसरवली. कॉर्डची नावं न लिहिता सुरातल्या पायरीचा आकडा लिहायचा: जीच्या सुरात १ म्हणजे जी, ४ म्हणजे सी, ५ म्हणजे डी. गायिकेला सूर चढवायचा झाला तर कागद तोच राहतो. याला जोडूनच कॅपोची (सगळ्या तारा एकदम दाबणाऱ्या चिमट्याची) छोटी पट्टी: हेच आकार दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून धरले तर सूर ए होतो, तिसऱ्यावर बी फ्लॅट, पाचव्यावर सी. कॅपो फ्रेटच्या पट्टीवर न बसवता तिच्या अगदी मागे बसवायचा, लांब राहिला तर तार झणझणते, आणि लावल्यावर पुन्हा सूर जुळवायचा कारण तारा ताणल्या जाऊन चढतात. मुलींच्या आवाजासाठी ही पट्टी फार उपयोगाची आहे. रेकॉर्डचा सूर झेपला नाही की आपला आवाजच वाईट असं वाटायला लागतं, खरं तर दोन फ्रेट इकडेतिकडे करायचे असतात.

तारांचा सल्लाही एका चौकटीत: सुरुवातीला .०१० ते .०४७ चा एक्स्ट्रा लाइट संच. दुकानातल्या बऱ्याच गिटारींवर .०१२ चा संच असतो आणि बोटं सोलून निघतात.

या पानाचं प्रूफ गिटार हातात घेऊन वाजवून तपासायचं, आणि ज्याने मांडणी केली त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी.

कलम_कसाई

गाण्याचे शब्द: गायिका हो म्हणाली म्हणून छापता येत नाहीत. हक्क गीतकाराकडे आणि बहुतेकदा संगीत-प्रकाशकाकडे असतो, एका गाण्याला तीन-चार प्रकाशकही असतात आणि प्रत्येकाची लेखी परवानगी लागते. एएससीएपी आणि बीएमआय या हक्कसंस्थांच्या यादीत प्रकाशकाचं नाव सापडतं, पण त्यांचा परवाना सार्वजनिक वादनापुरता, छापण्याचा नाही. परीक्षणात एखादी ओळ उद्धृत करणं वेगळं आणि अख्खं ध्रुवपद रंगीत पार्श्वभूमीवर सजवून छापणं वेगळं. दुसरं टाळा. १-४-५ सारख्या साध्या कॉर्डक्रमावर कुणाचा हक्क नसतो, त्यामुळे तारसप्तक यांचं पान निर्धास्त छापा. १९२९ पर्यंत अमेरिकेत प्रकाशित झालेले शब्द आणि चाली आता मोकळ्या आहेत, शिकवायला जुनी गाणी तिथून घ्या. मात्र नंतर कुणी केलेली मांडणी त्या मोकळीकीत येत नाही.

वाचक अल्पवयीन आहेत हे पानोपानी लक्षात ठेवा. फोटोच्या संमतिपत्रावर पालकांची सही. पत्रांत फक्त पहिलं नाव आणि राज्य, शाळेचं नाव कधीच नको, फोटोतल्या टीशर्टवरही नको. वेबसाइटवर स्पर्धेचा अर्ज ठेवणार असाल तर १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करता येत नाही, १९९८ चा कोपा कायदा आहे. छापील कुपनवर वय विचारा आणि तेराखाली असेल तर पालकांच्या सहीची जागा ठेवा.

कलाकाराच्या प्रसिद्धी विभागाने दिलेले फोटो बहुधा आतल्या बातमीपुरते असतात. मुखपृष्ठासाठी वेगळं विचारा.

जुनी_तबकडी

इतिहासाच्या दोन पानांसाठी सुचवते. सालावळ नको, ती कुणी वाचत नाही. वयानुसार लावा. पानाच्या डाव्या कडेला उभी पट्टी, १३ पासून १८ पर्यंत.

१३ वर डॉली पार्टन, त्या वयात ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या गाजलेल्या कंट्री कार्यक्रमाच्या मंचावर गायल्या. तिथेच तान्या टकर, १९७२ मध्ये पहिलं गाजलेलं गाणं. लीअ‍ॅन राइम्स १३ व्या वर्षी १९९६ मध्ये गाजल्या आणि १४ व्या वर्षी ग्रॅमी. १६ वर टेलर स्विफ्ट, २००६ चा पहिला अल्बम. १८ वर मेबेल कार्टर: ऑगस्ट १९२७ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिस्टल इथे ज्या ध्वनिमुद्रणापासून हे संगीत देशभर पोहोचलं, त्यात गिटार त्यांची होती. अंगठ्याने खर्जाच्या तारांवर चाल आणि बोटाने वरच्या तारांवर ताल, ही त्यांची पद्धत आजही शिकवली जाते. तारसप्तक यांचं ताल-पान पुढेच येणार आहे, तिकडे बाण दाखवा.

पण पट्टी १८ ला थांबवू नका, नाहीतर सतरा वर्षांच्या मुलीला आपली वेळ गेली असं वाटेल. पान संपेपर्यंत वर न्या: किटी वेल्स १९५२ मध्ये कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाणारी पहिली एकल गायिका झाल्या त्या तिशी ओलांडल्यावर. लोरेटा लिन यांची पहिली रेकॉर्ड १९६० ची, तोवर त्या चार मुलांच्या आई होत्या. १९७२ मध्ये सीएमएचा (कंट्री म्युझिक असोसिएशनचा) सर्वोच्च पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री त्याच.

कृष्णवर्णीय मुलीला या दोन पानांत स्वतःची जागा दिसली पाहिजे, आणि ती दाखवायला काही ओढूनताणून आणावं लागत नाही. बँजोचं मूळच आफ्रिकी वाद्यांत आहे. लिंडा मार्टेल १९६९ मध्ये ऑप्रीत एकल गाणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. बियॉन्से २०२४ मध्ये कंट्री अल्बमांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. हे वेगळ्या चौकटीत टाकू नका, त्याच पट्टीत गुंफा.

आणि रेडिओबद्दल खरं सांगा. २०१५ मध्ये एका रेडिओ सल्लागाराने जाहीरपणे सांगितलं होतं की गायिकांची गाणी लागोपाठ वाजवू नयेत, त्या सॅलडमधल्या टोमॅटोसारख्या आहेत. रेडिओवर आपल्यासारखा आवाज कमी का ऐकू येतो, याचं उत्तर या मुलींना मिळायला हवं. परीक्षणाच्या पानावर प्रत्येक अल्बमखाली एक ओळ ठेवा: गाणी कुणी लिहिली, फिडल, पेडल स्टील आणि बँजो कुणी वाजवले, ध्वनिमुद्रण कुणी केलं. गाण्याखेरीजही कामं आहेत हे तिथे कळतं.

रेघोटी

सगळ्यांचे मनापासून आभार. बदललेली योजना अशी: पोस्टर रद्द. १३ ते २० बिनकोटिंग. १४-१५ इतिहास, १६-१७ कॉर्ड, १८-१९ गाणं लिहायची पानं, १३ वर गिटार निवडण्याची माहिती आणि २० वर तारा-कॅपोची चौकट. मुख्य मुलाखत ६ ते ११, म्हणजे तीन पूर्ण जोडपानं. परीक्षणं २२ ते २४.

लिहायच्या पानांवर रेघांचं अंतर किती ठेवू? आणि ऐकायच्या यादीचा क्यूआर कोड कुठे?

तारसप्तक

रेघा ११/३२ इंचावर, तिकडच्या शाळेच्या रुंद वहीसारख्या, आणि प्रत्येक रेघेच्या वर कॉर्डचा आकडा लिहायला फिकट ठिपक्यांची दुसरी रेघ. चार ओळींचं कडवं, चार ओळींचं ध्रुवपद, पुन्हा कडवं. समासात तीनच सूचना: एका वस्तूचं नाव घे, एका जागेचं नाव घे, आणि पहिल्या कडव्यानंतर ध्रुवपदाचा जो अर्थ लागला तो दुसऱ्या कडव्यानंतर बदलू दे. कंट्रीची सगळी ताकद त्या बदलात आहे. चार ओळी त्याच राहतात आणि ऐकणारी मात्र पुढे सरकलेली असते.

अक्षरखिळा

क्यूआर किमान ०.८ इंच, गडद रंगात फिकट जमिनीवर, भोवती कोडातल्या चार लहान चौकोनांएवढी मोकळी जागा. घडीजवळ नको, पान वळलेलं असलं की फोन वाचत नाही. २४ च्या खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात ठेवा. मुखपृष्ठावरचा बारकोड यूपीसी (तिकडच्या दुकानांचा नेहमीचा) आणि शेजारी अंकाची दोन आकडी जोड, पांढऱ्या चौकटीत काळ्या रेघा, ८० टक्क्यांपेक्षा लहान नको. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या केंद्रातून मोफत मिळतो, अर्ज अंक छापायच्या पुरेसा आधी करा.

शाईवाला

योजना बसते. मजकूर ओतायच्या आधी साध्या कागदाची नऊ पानं अर्ध्यात दुमडून एकात एक घाला, मधली दोन वेगळ्या रंगाची घ्या, आणि प्रत्येक पानावर हाताने क्रमांक व मथळा लिहा. १२-१३ ला रंग बदलतो ते लगेच दिसेल. छापखान्याला पीडीएफ पाठवताना सुटी पानं पाठवा, जोडपानं नाही. पानांची छपाईक्रमाने जुळवाजुळव ते करतात. कव्हरची चार पानं वेगळ्या फाइलमध्ये. मधल्या आठ पानांचं प्रूफ त्याच बिनकोटिंगच्या कागदावर मागा. चकचकीत कागदावर पाहिलेला तांबूस ठिपका तिथे तपकिरी दिसतो, आणि काळ्यापासून तो वेगळा ओळखू आला नाही तर कॉर्डचं पान निकामी. तसं झालं तर मॅजेंटा आणि पिवळा तसेच ठेवून काळा पूर्ण काढा, सायन ५ टक्क्यांवर आणा आणि दुसरं प्रूफ घ्या.